कोरी दोरी

शुभे, तू गेल्याचं मी सगळ्यांना कळवलं, एका माणसाला सोडून. आणि पहिला फोन नेमका त्याचाच आला. मी मरोळला तुझ्या स्वयंपाकघरात उभी होते, तुझी आई, माझ्या काकी, आत पडल्या होत्या, आणि फोनवर गावकर सर. आवाजात भरपूर गहिवर आणून म्हणाले, "वर्षा, फार वाईट झालं गं. शुभांगीसारखी खेळाडू पुन्हा होणे नाही. तुम्ही शोकसभा ठेवणार असाल तर आमच्या मुली येतील. दोरीवर मानवंदना देतील. माझी नात ओवी खेळेल, शुभांगीचे सगळे आवडते प्रकार करून दाखवेल."

त्यांना वाटलं मी रडतेय. मी दात आवळत होते. मग स्वतःचाच आवाज मला ऐकू आला, अगदी गोड, "हो सर, जरूर या. दोरी मी टांगते."

तू असतीस तर तेव्हाच माझ्या हातातून फोन काढून घेतला असतास. माझा एवढा गोड आवाज कधी निघतो ते तुला चांगलं ठाऊक होतं.

बोरिवलीची गोष्ट तुला नव्याने काय सांगायची, तू तर तिच्यातच होतीस. पण मला ती पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायची आहे, कारण दर वेळी तू मला मधेच तोडायचीस. "झालं का तुझं परत सुरू?" आता तोडून दाखव.

आपण अकरावीत होतो. मुलुंडच्या व्यायामशाळेत दळवी बाईंच्या हाताखाली तू दोरीच्या मल्लखांबावर अशी खेळायचीस की बाहेर भाजी घ्यायला निघालेल्या बायका पिशव्या घेऊन दारात उभ्या राहायच्या. मी पण खेळायचे, पण मी खेळायचे आणि तू खेळायचीस यात फरक होता, आणि तो मला कधी खुपला नाही. मला खुपायच्या त्या बाकीच्या गोष्टी. बोरिवलीला निवड स्पर्धा होती. तिथून राज्याचा संघ निघणार होता. शेवटच्या फेरीत तू आणि तिथले प्रशिक्षक गावकर सर यांची लेक, दोघीच उरलात. जागा एक. आणि स्पर्धेचं साहित्य सांभाळायची जबाबदारी कोणाकडे? गावकर सरांकडे.

त्यांची लेक खेळून उतरली. तुझं नाव पुकारलं. तू पुढे झालीस, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा, या दोरीचा एक पेड विरलाय, धोका नको." आणि त्यांनी दोरी बदलली. किती काळजीवाहू माणूस, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, शुभे. दुसरी दोरी मळकट, वापरातली दिसत होती. तू नमस्कार केलास, चढलीस. वरची दोन आसनं सुरेख झाली. मग तू वरून सुटून खाली येतेस आणि पायाच्या अंगठ्यात दोरी पकडून उलटी थांबतेस, तो तुझा हुकमी प्रकार. तू सुटलीस. आणि दोरी फिरली. तू भोवऱ्यासारखी गरकन फिरलीस, दोरी जिथे हवी तिथे नव्हती, आणि तू गादीच्या कडेवर खांद्यावर आपटलीस. तो आवाज मला अजून येतो.

बाई ओरडल्या, "दोरी कोरी आहे! मुरवलेली नाही!" नवी दोरी आणली की बाई तिच्या खालच्या टोकाला वाळूचं पोतं बांधून टांगून ठेवायच्या. पोतं आधी गरागरा फिरायचं, मग उलटं, मग पुन्हा थोडं, आणि काही दिवसांनी मुकाट लोंबायला लागायचं. त्यानंतरच मुलींना हात लावायची परवानगी. आपण त्याला दोरी मुरवणं म्हणायचो. बाई दोरी तपासायला धावल्या तेव्हा ती हुकावर नव्हती. आम्ही तुला रिक्षात घालेपर्यंत ती उतरून कुठल्या कुठे गेली होती.

बाईंनी तक्रार केली. सर समितीपुढे शांतपणे म्हणाले, "आमची रोजच्या वापरातली दोरी होती, सगळ्यांनी रंग पाहिलाय. आणि कोरी की मुरलेली हे हाताला कळत नाही हो, ते अंगाचा भार पडल्यावरच कळतं. मला कसं कळणार?" हाताला कळतं असं बाई म्हणाल्या, पण पिळून दाखवायला ती दोरीच नव्हती. आणि मग सर, जाता जाता, "खरं सांगू का, मुलीच्या पायाला तेल होतं. मी स्वतः पाहिलं." तेल होतंच. तुझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे म्हणून काकींनी सकाळी खोबरेल चोळून दिलं होतं. तू तळवे, बोटं सगळं पुसलं होतंस, मी बघितलं होतं. पण तेल होतं म्हटल्यावर विषय संपला. निकालात आलं, खेळाडूची चूक. त्यांची लेक संघात गेली. तुझा डावा हात त्यानंतर कधी कानाच्या वर गेला नाही.

आणि तू काय केलंस? तू भौतिकशास्त्र घेतलंस. मला तेव्हाही राग आला होता. मला वाटलं होतं, तू वकील होशील, निदान पत्रकार. कोणाला तरी धडा शिकवशील. तू अंधेरीच्या ज्युनिअर कॉलेजात पोरांना कप्पी आणि दोरीची गणितं शिकवायला लागलीस. पुस्तकात लिहिलेलं असायचं, दोरीला वजन नाही असे माना, दोरी ताणली जात नाही असे माना. तू खडू खाली ठेवून वर्गाला सांगायचीस, "अशी दोरी बाजारात कुठे मिळाली तर मला आणून द्या रे. मी उद्यापासून परत खेळायला लागते." पोरं हसायची. त्यांना वाटायचं बाई मस्करी करतात.

नोकरी लागल्यानंतर तू मला पहिल्यांदा ते नीट समजावलंस तेव्हा आपण पवईच्या तलावाकाठी शेंगदाणे खात बसलो होतो. तू म्हणालीस, "दोरीत तीन पेड असतात, एकमेकांभोवती पिळलेले. तो पीळ आहे म्हणून दोरी एकजीव राहते. पण खाली वजन लागलं की प्रत्येक पेडाला सरळ व्हायचं असतं. सरळ व्हायचं तर पीळ उलगडला पाहिजे. वरचं टोक हुकात अडकलेलं. खालचं मोकळं. मग फिरणार कोण? जी लटकली आहे ती. आणि मी काही नुसती लटकले नव्हते. मी वरून सुटून आले आणि झटक्यात थांबायला गेले. त्या झटक्याला दोरीतला ताण माझ्या वजनाच्या कितीतरी पट झाला. जेवढा ताण, तेवढा पीळ जोरात सुटणार. साधं आहे."

"साधं आहे?" मी म्हणाले. "तुझा हात गेला आणि साधं आहे?"

"दोरीला माहीत नव्हतं गं, कोणाची मुलगी चढली आहे."

"टांगणाऱ्याला माहीत होतं."

"ते तू सिद्ध कर."

सिद्ध कसं करणार? दोरी गायब. बाई काही वर्षांनी वारल्या. समितीतले लोक थकले, विसरले. गावकर सर मात्र मोठे होत गेले. त्यांचा सत्कार झाला, मग अमृतमहोत्सव झाला. प्रत्येक सत्काराची पत्रिका मला यायची आणि मी ती कचऱ्यात टाकण्याआधी चांगली चार ठिकाणी फाडायचे. तू म्हणायचीस, "कागदाने काय केलंय तुझं?"

दवाखान्यातली ती दुपार आठवते? तुझ्या गाऊनची नाडी तू मला काढून द्यायला लावलीस. ती भरलेल्या पाण्याच्या बाटलीच्या मानेला बांधलीस आणि उजव्या हाताने उंच धरलीस. बाटली एका बाजूला फिरली, थांबली, मग उलटी फिरली. सिस्टर बघून हसत गेली. तू म्हणालीस, "बघ, हिचा माझ्यावर काही राग आहे का? फिरतेय बिचारी. तिला फिरावंच लागतं." मी म्हणाले, "बाटलीबद्दल माझं काही म्हणणं नाही." तू म्हणालीस, "वर्षे, सोड ना आता. मी सोडलंय." मी म्हणाले, "तू सोड. माझी पकड घट्ट आहे." तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोपलीस. मग तशीच, डोळे न उघडता म्हणालीस, "हट्टी आहेस म्हणून तर भीती वाटते." कसली भीती, ते तू सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकड्यावर काकींनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्या कधी बोरिवलीबद्दल बोलल्या नव्हत्या. मला वाटायचं विसरल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मीयाच तेल लावलंय गो तिच्या पायांक. माज्या हातान घात केल्यान."

मी म्हणाले, "काकी, असं काही नाहीये हो."

"तू लहान होतंस. माका सगळा म्हायत आसा. थंय सगळे म्हणा होते, आवशीन तेल लावल्यान. शुभान माका एक सबद बोलूक नाय कधी. ता बोलला असता तर बरा झाला असता." मग माझा हात आणखी घट्ट धरून म्हणाल्या, "तिका सांगू नको हां. आता नको."

शुभे, आठवून बघ, बोरिवलीनंतर काकींनी कधी कोणाच्या डोक्याला तरी तेल लावलं का? तुझ्या मुलाला लहानपणी मालिश करायला बाई ठेवली होती. आपण हसायचो, मालवणची बाई आणि नातवाला तेल लावायला तयार नाही, नवीनच फॅशन. आपण हसायचो गं. त्या बाकड्यावर मला ते सगळं एकदम कळलं आणि मला इतका राग आला की मी उठून खाली गेले आणि रस्त्यावर उभी राहून गावकरला मोठ्याने शिव्या दिल्या. एका रिक्षावाल्याला वाटलं त्यालाच देतेय.

तोवर माझा सूड हा निव्वळ माझा छंद होता म्हण. आपल्या दोघींत बोलायचा विषय. त्या दिवसापासून तो कामाचा झाला. तू जाणार हे तोवर कळून चुकलं होतं. तुझ्यासाठी काही होणार नव्हतं. पण काकी आहेत, आणि त्या हे असं मनात घेऊन जाता कामा नयेत. मी सांगून त्यांना पटणार नव्हतं, मी तुझी मैत्रीण. ते त्याच माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं. आणि तो का सांगेल?

म्हणून सरांचा फोन आला तेव्हा मी गोड बोलले.

मी नवीन सुती दोरी आणली. चहाच्या पाण्यात बुडवली, वाळवली, व्यायामशाळेच्या लादीवर घासली, हाताच्या घामाने मळवली. दिसायला अगदी रोजची. पण पोतं लावलं नाही. वजनाचा एक ग्रॅमही नाही. सगळा पीळ आत जसाच्या तसा. तूच शिकवलंस, दोरी जुनी होते ती वयाने नाही, ताणाने. चांगली मुरलेली दोरी मी पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवली. खाली गाद्यांवर गाद्या टाकल्या. आणि ओवीला मी चढू देणार नव्हते, हे आधी ऐकून घे. मी दोरीला लागूनच उभी राहणार होते. माझी पैज एकाच गोष्टीवर होती. बोरिवलीला परक्याची मुलगी होती. आज स्वतःची नात आहे. म्हातारा कितीही भाषणं ठोको, त्याचा हात दोरीला लागल्याशिवाय राहणार नाही.

आपल्या व्यायामशाळेतल्या सभेला गर्दी झाली. आपल्या वेळच्या सगळ्या आल्या होत्या, कोणी गुडघे धरत, कोणी सुनेला घेऊन. तुझी कॉलेजची पोरं मागे उभी होती. काकी पुढे खुर्चीत. सर बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. आणि मग म्हणाले, "पण नियती कशी असते बघा. आईच्या मायेचा हात. एवढंसं तेल. तेवढं नसतं तर शुभांगी आज कुठे असती!" काकींची मान खाली गेली. तुझ्या फोटोसमोर, त्या माणसाने, पुन्हा. तोपर्यंत माझ्या मनात कुठेतरी धाकधूक होती, आपण करतोय ते बरोबर का म्हणून. ती तिथे संपली.

ओवी पुढे आली. तुझ्या फोटोला नमस्कार केला, भूमीला केला. तरतरीत पोरगी आहे. मी दोरीपाशीच होते. तिने हात वर केला तेवढ्यात सर हातातला माईक तसाच धरून आले. "थांब हां बाळा, मी एकदा बघतो." माईक काखेत धरला, दोन मुठींत वीतभर दोरी धरली आणि पिळाच्या उलट फिरवली. बाई करायच्या अगदी तसंच. सोडल्याबरोबर दोरी त्यांच्या मुठीत परत आवळली. मुरलेली दोरी तशीच राहते, कोरी परत फिरते. आपल्यापैकी प्रत्येकीला हे लहानपणापासून माहीत आहे.

"ए, ही कोरी आहे!" ते एवढ्या जोरात ओरडले की माईक किंचाळला. "कोणी टांगली? पोरीचा जीव जाईल!"

"मी टांगली सर," मी म्हणाले. "रोजच्या वापरातली आहे. रंग बघा ना."

"रंगाचं काय सांगतेस मला! रंगाने काय होतं? पीळ बघ, जिवंत आहे पूर्ण! हाताला लगेच कळतंय!"

"हाताला कळतं?"

मी एवढंच विचारलं. फार हळू विचारलं. माझा आवाज माईकमध्ये गेला असेल नसेल. पण आपल्या वेळच्या सगळ्या पुढच्या दोन रांगांत होत्या, आणि समितीपुढचं ते वाक्य प्रत्येकीला पाठ होतं. मागून कोणीतरी "च्यायला" म्हणालं. सरांना कळायला थोडा वेळ लागला. दोन्ही मुठी दोरीवरच होत्या. मग त्यांनी त्या सोडवल्या, एकेक बोट करून, आणि माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशीही कळलं होतं ना, सर?"

ओवी म्हणाली, "आजोबा, कुठल्या दिवशी?"

ते मला म्हणाले असते, तू वेडी आहेस. सगळ्यांना म्हणाले असते, हिला दुःखाने भ्रम झालाय. त्यांच्याकडे शब्द नेहमीच असतात. पण नातीने विचारलं आणि ते फसले. ते नुसते "हो" म्हणाले. मग म्हणाले, "कळलं होतं. मीच आणली होती ती." मी म्हणाले, "मला नको. काकींना सांगा. तेलाचं सांगा." म्हातारा चालत काकींपर्यंत गेला. माईक अजून काखेत होता, म्हणून सगळ्या हॉलला ऐकू आलं. "वहिनी, तेलाने काही झालं नाही. ते मी खोटं बोललो होतो."

काकी त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "माजा चेडू तेलान नाय पडला ना गो?"

"नाही काकी."

"खरा?"

"तुमच्या देवाशपथ."

काकींनी पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने रडल्या. तू गेलीस त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. सगळ्या आपल्या बायका त्यांच्याभोवती जमल्या. मी पिशवीतली मुरलेली दोरी काढून हुकाला लावली, कारण हात रिकामे राहिले असते तर मी पण तिथे जाऊन रडले असते, आणि मला ते सरांसमोर करायचं नव्हतं. ओवीला विचारलं, खेळतेस का? ती आजोबांकडे न बघता म्हणाली, "खेळते." खेळली, झकास खेळली. तुझ्या त्या हुकमी प्रकाराला सुटली तेव्हा मी डोळे मिटले. दोरी जागची हलली नाही. टाळ्या पडल्या. उतरल्यावर तिचा चेहरा मी पाहिला आणि तेवढ्यापुरतं मला वाईट वाटलं. तेवढ्यापुरतंच.

लोक म्हणतात, सूड घेतल्यावर माणसाला आतून रिकामं वाटतं. खोटं आहे ते. मला फार बरं वाटलं, शुभे. मी उभ्या उभ्या दोन बटाटेवडे खाल्ले आणि वर कडक चहा घेतला. किती तरी वर्षांत अन्न एवढं चविष्ट लागलं नव्हतं. सर कोपऱ्यात एकटे बसले होते, कोणी त्यांना चहा विचारत नव्हतं, ते मी वडा खात खात नीट बघून घेतलं. तू असतीस तर उठून त्यांना कप नेऊन दिला असतास. शेवटी काकींनीच कोणाला तरी सांगितलं, त्येंका चाय देवा. मायलेकी सारख्याच.

सगळे गेल्यावर मी कुलूप लावून बाहेर आले तर ते फाटकाशी उभे. ओवी थोडी लांब, फोनमध्ये तोंड घालून. मला वाटलं आता माफी मागतील, आणि काय बोलायचं ते माझं तयार होतं.

ते म्हणाले, "वर्षा, एक सांगायचं राहिलं. शुभांगीला माहीत होतं."

मी म्हणाले, "काय माहीत होतं?"

"सगळं. मीच सांगितलं होतं. ती कॉलेजात शिकवायला लागली त्या सुमारास मरोळला घरी गेलो होतो. मला झोप येईना झाली होती. पाया पडायचीही तयारी होती माझी."

"मग?"

"तिने चहा केला. म्हणाली, सर, झालं ते झालं. फक्त वर्षाला सांगू नका. ती तुम्हाला जगू देणार नाही."

मी तिथे रस्त्यात उभी राहून हसले, शुभे. हसू आवरेना. ओवीने फोनमधून मान वर केली. बरोबर ओळखलं होतंस मला. नसतंच जगू दिलं. मग रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं आणि ते मरोळ येईपर्यंत थांबलं नाही.

म्हणजे पवईला "ते तू सिद्ध कर" म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं. गाऊनची नाडी मागितलीस तेव्हाही माहीत होतं. मला वाटत होतं आपण एका बाजूला आहोत आणि तो एका बाजूला. तू मधेच उभी होतीस, त्याच्यापुढे हात आडवे करून, आणि मला पत्ता नाही. इतकी वर्षं माझ्याबरोबर त्याच त्याच विषयावर भांडलीस, चिडलीस, हसलीस. मैत्रिणीला असं कोणी वागवतं का गं?

काकींचं तुला माहीत नव्हतं, हे मी धरून चालते. माहीत असतं तर तू त्याला चहा पाजला नसतास. तेवढा विश्वास मला तुझ्यावर ठेवायचाच आहे. पण बघ ना काय झालं. तू मला सांगितलं नाहीस, काकींनी तुला सांगितलं नाही, काकी नको म्हणाल्या म्हणून मी तुला सांगितलं नाही. आपण तिघी एकमेकींना जपत बसलो, आणि या सगळ्या जपणुकीत सुखाने जगला तो एकटा गावकर. तू एक शब्द बोलली असतीस तर काकींची इतकी वर्षं वाचली असती. हे मी तुला दवाखान्यात म्हणू शकले नसते. आता म्हणते.

काल संध्याकाळी मी काकींकडे गेले होते. त्यांनी मला समोर बसवलं, वाटीत खोबरेल गरम केलं आणि माझ्या डोक्याला लावलं. हाताला अजून चांगला जोर आहे.

त्याला क्षमा करायचा हक्क तुझा होता, तू वापरलास. काकींचा होता, त्यांनीही वापरला असेल. मी काही त्याला क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही. पण त्याचं माझं आता सरळ आहे, जे द्यायचं ते मी त्याला दिलं. भांडण उरलंय ते तुझ्याशी, खरं तर आता कुठे सुरू झालंय, आणि तू गेलीस म्हणून मी तुला सोडेन असं अजिबात समजू नकोस.